रोजगार मेळाव्याला जाताना: विद्यार्थ्याने काय करावे, आपण काय करावे



महाविद्यालयाचे पहिले सत्र संपले की सूचनाफलकावर रोजगार मेळाव्याची सूचना लागते. अमुक तारखेला सकाळी दहा वाजता इतक्या कंपन्या येणार आहेत, बायोडाटाच्या पाच प्रती आणाव्यात, असा दोन-चार ओळींचा मजकूर असतो. कधी हा मेळावा महाविद्यालयाचा प्लेसमेंट सेल भरवतो. कधी जिल्ह्याचे कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र 'पंडित दीनदयाळ उपाध्याय रोजगार मेळावा' या नावाने तो भरवते. पूर्वी ज्याला आपण एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज म्हणत होतो, तेच हे कार्यालय.

आपण ज्या वसतिगृहांना व शिष्यवृत्त्यांना हातभार लावता, तेथील शेवटच्या वर्षाची मुले-मुलीही या मेळाव्यांना जातात आणि संध्याकाळी पत्रकांनी भरलेली पिशवी घेऊन परत येतात. "काय झालं?" असे विचारले की उत्तर ठरलेले असते : "नाव लिहून घेतलंय. फोन करतो म्हणाले." बहुतेक वेळा फोन येत नाही. आला तर मुलगा धडगाव किंवा मोलगीच्या डोंगरात आपल्या पाड्यावर असतो आणि तेथे रेंज नसते. दोन-तीन मेळावे असे गेले की तो मनाशी ठरवून टाकतो की हे आपल्यासाठी नसते. मग घरच्यांबरोबर ऊसतोडीला गुजरातेत जाण्यासाठी पदवीची गरज काय होती, असा प्रश्न धाकट्या भावंडांनाही पडू लागतो. एका मेळाव्याच्या दिवसावर किती गोष्टी अवलंबून असतात, हे यावरून लक्षात यावे.

म्हणून या अंकातील अभ्यासासाठी हा विषय घेतला आहे. लेखाचा पहिला भाग विद्यार्थ्यांना वाचून दाखवण्यासारखा आहे. शेवटचा भाग आपल्यासाठी, म्हणजे मंडळीतील सभासदांसाठी व देणगीदारांसाठी आहे.

1. मेळाव्यातून काय मिळवायचे?

बहुतेक विद्यार्थ्यांना वाटते की मेळाव्यात नोकरी मिळते. काही कंपन्या त्याच दिवशी निवड करतात हे खरे, पण एका टेबलापुढे शंभर-दीडशे जणांची रांग असते आणि प्रत्येकाच्या वाट्याला दोन-तीन मिनिटे येतात. तेवढ्या वेळात नोकरी ठरली तर चांगलेच. न ठरली तरी एक गोष्ट नक्की मिळवता येते, ती म्हणजे ओळख : कंपनीतल्या एका माणसाचे नाव, त्याचा नंबर, आणि पुढे बोलण्यासाठी एक कारण.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी 1973 मध्ये एक महत्त्वाची गोष्ट मांडली. नोकरी बदललेल्या लोकांकडे चौकशी केल्यावर त्यांना दिसले की नोकरीची खबर अगदी जवळच्या माणसांपेक्षा लांबच्या, क्वचित भेट होणाऱ्या ओळखीच्या लोकांकडून पुष्कळदा मिळते. कारण सोपे आहे. जवळच्या माणसांना जे माहीत असते ते आपल्यालाही माहीत असते. नवी खबर वर्तुळाबाहेरून येते.

आता हे आपल्या मुलांना लावून पाहा. 2011 च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची लोकसंख्या 1 कोटी 5 लाखांहून अधिक आहे, म्हणजे राज्याच्या 9 टक्क्यांहून थोडी जास्त. नंदुरबार जिल्ह्यात मात्र दर दहा माणसांत सुमारे सात आदिवासी आहेत. अक्राणी तालुक्यातल्या पावरा कुटुंबातील मुलीच्या जवळच्या माणसांत आईवडील, काका, मामा, आश्रमशाळेचे गुरुजी आणि फार तर अंगणवाडी सेविका असतात. ही माणसे तिच्यासाठी जीव टाकतील, पण पुण्याच्या रुग्णालयात लॅब टेक्निशियनची जागा आहे किंवा नाशिकच्या कारखान्यात शिकाऊ उमेदवार घेत आहेत, हे त्यांना कळणार कसे? शहरातल्या मुलाच्या वडिलांचा मित्र, आत्याचा शेजारी, सोसायटीतले काका त्याला हे सहज सांगतात. आदिवासी विद्यार्थ्याची बुद्धी कमी पडत नाही. त्याच्याकडे लांबच्या ओळखी नसतात. अशा पंधरा-वीस ओळखी एका दिवसात होऊ शकतील अशी जागा त्याच्या आयुष्यात मेळाव्याखेरीज क्वचितच येते.

तेव्हा विद्यार्थ्याला निघताना सांगावे : "नोकरी मिळाली नाही तरी चालेल, पण तीन माणसांची नावे, नंबर आणि त्यांच्याकडून मिळालेली माहिती घेऊन ये." हे त्याच्या हातातले काम आहे. पुढची सगळी तयारी त्यासाठीच करायची.

2. आधीची तयारी : कागद

मेळाव्याच्या निदान महिनाभर आधी कागदांची फाइल पाहावी. आपल्या मुलांच्या कागदांत तीन अडचणी वारंवार आढळतात.

पहिली, नावाची. शाळेच्या दाखल्यावर आडनावाचे इंग्रजी स्पेलिंग एक, आधारवर दुसरे, बँकेच्या पासबुकावर तिसरे. कंपनीत निवड झाल्यावर भविष्य निर्वाह निधीचे खाते काढताना हाच फरक आडवा येतो. आधारमधली दुरुस्ती आधार केंद्रावर होते. नाव कायदेशीररीत्या बदलायचे असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करावे लागते. दोन्हींना वेळ लागतो, म्हणून आधीच सुरुवात करावी.

दुसरी, जन्मतारखेची. शाळेत नाव घालताना गुरुजींनी 1 जून लिहिलेली मुले आपल्याकडे खूप आहेत. तारीख खरी की खोटी हा वाद आता घालू नये, फक्त ती सर्व कागदांवर एकच आहे ना, एवढे तपासावे.

तिसरी, जातीच्या कागदांची. येथे मुलांचा गोंधळ होतो. खासगी कंपनीच्या टेबलावर जातीचा दाखला लागत नाही आणि बायोडाटातही जात लिहायची गरज नाही. सरकारी नोकरीत आरक्षणाचा लाभ घ्यायचा असेल तर मात्र जातीच्या दाखल्याबरोबर जात वैधता प्रमाणपत्र लागते. ते अनुसूचित जमातींसाठीची स्वतंत्र तपासणी समिती देते. पूर्वजांचे जुने महसुली व शालेय पुरावे जमवण्यात महिने जातात. विज्ञान किंवा व्यावसायिक शाखेच्या मुलांनी ते प्रवेशाच्या वेळीच काढलेले असते, पण बी.ए., बी.कॉम.च्या मुलांकडे पुष्कळदा नसते. मेळावा जवळ आला की हेही काम हाती घ्यावे. अनुसूचित जमातीच्या उमेदवाराला नॉन-क्रिमिलेअर दाखला लागत नाही. त्यासाठी तहसील कार्यालयात फेऱ्या घालू नयेत.

मेळाव्याला जाताना झेरॉक्स प्रती न्याव्यात. मूळ कागद पाहायला मागितले तर दाखवून लगेच परत घ्यावेत.

बायोडाटा एका पानाचा असावा. नाव, फोन, ईमेल, शिक्षण, येणारी कामे, येणाऱ्या भाषा. वडिलांचा व्यवसाय, धर्म, वैवाहिक स्थिती, आधार क्रमांक यांतले काहीही लागत नाही. भाषांमध्ये पावरी, भिली, मावची, वारली, कोकणा, गोंडी यांपैकी जी येत असेल ती अवश्य लिहावी. मुले ती लाजून गाळतात. पण आदिवासी तालुक्यांत काम करणाऱ्या बँका, सूक्ष्म वित्त कंपन्या, आरोग्य प्रकल्प आणि सामाजिक संस्था यांना नेमकी तीच भाषा येणारा माणूस हवा असतो.

फोन नंबरही दोन द्यावेत. एक स्वतःचा आणि दुसरा नेहमी रेंजमध्ये असणाऱ्या विश्वासू माणसाचा : वसतिगृहाचे अधीक्षक, शिक्षक किंवा मंडळीतील एखादी व्यक्ती. रिचार्ज संपला म्हणून हुकलेली मुलाखत पुन्हा मिळत नाही.

3. आधीची तयारी : स्वतःबद्दल बोलणे

"स्वतःबद्दल सांगा" असे म्हटले की मुले नाव, गाव, शिक्षण सांगतात आणि गप्प होतात. "काही अनुभव आहे का?" या प्रश्नाला "नाही" म्हणतात. त्यांना खरोखरच तसे वाटते, कारण त्यांनी केलेल्या कामांना अनुभव म्हणतात हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

त्यांच्याशी सावकाश बोलून पाहावे. एखादीने आईच्या बचत गटाचा हिशेब दोन वर्षे लिहिलेला असतो. एखाद्याने वनहक्क कायद्याखाली, म्हणजे 2006 च्या कायद्याप्रमाणे, गावातल्या लोकांचे दावे भरून दिलेले असतात आणि मोबाइलवरच्या जी.पी.एस.ने शेताची मोजणी केलेली असते. कोणी पाड्यावरच्या आजाऱ्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात नेऊन डॉक्टरांचे बोलणे पावरीत समजावून दिलेले असते. कोणी सुट्टीत बांधकामावर मिस्त्रीच्या हाताखाली काम करून मापे शिकलेला असतो. हिशेब, नोंदी, मोजमाप, भाषांतर, लोकांना समजावून सांगणे ही सगळी कामे पगार देऊन करवून घेतली जातात.

यातून प्रत्येकाने तीन वाक्ये तयार करावीत : मी काय शिकलो आहे, मी कोणते काम प्रत्यक्ष केले आहे, आणि मला आता कोणते काम हवे आहे. उदाहरणार्थ : "मी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्या गावातल्या बचत गटाचे हिशेब मी दोन वर्षे लिहिते. मला अकाउंट्सच्या विभागात सुरुवातीचे काम हवे आहे." एवढे पुरते. ते पाठ करून पोपटासारखे म्हणू नये. चार वेगवेगळ्या माणसांसमोर चार वेळा बोलले की आपोआप सहज येते.

इंग्रजीची भीती मोठी असते. घरी पावरी बोलणाऱ्या मुलासाठी मराठी ही दुसरी आणि इंग्रजी तिसरी भाषा आहे. "सर, मी मराठीत बोललो तर चालेल का?" असे सुरुवातीलाच स्पष्ट विचारावे. महाराष्ट्रातल्या अनेक जागांसाठी ते चालते. ज्या जागेला इंग्रजी लागतेच, ती कोणती हेही त्या एका प्रश्नातून कळते.

4. मेळाव्याच्या दिवशी

आलेल्या कंपन्यांची यादी आदल्या दिवशी किंवा सकाळी मिळवावी. राज्य शासनाच्या मेळाव्यांची नोंदणी व रिक्त पदांची माहिती महास्वयंम संकेतस्थळावर असते. यादीतून आपल्या शिक्षणाला लागू पडणाऱ्या पाच कंपन्या निवडाव्यात. सगळ्या टेबलांवर बायोडाटा वाटत फिरणे म्हणजे दमून जाणे.

पहिल्यांदा अशा टेबलावर जावे जेथे नोकरी मिळाली नाही तरी फारसे वाईट वाटणार नाही. तेथे सराव होतो, आवाज मोकळा होतो. मग सर्वांत आवडीच्या टेबलावर जावे, पण दुपारच्या जेवणाआधी, कारण नंतर समोरचा माणूसही थकलेला असतो.

टोळीने फिरू नये. चार मित्र एका टेबलावर गेले की एकच बोलतो आणि बाकीचे मान हलवतात. दोघांनी मिळून जावे, पण टेबलापुढे एकेकट्याने उभे राहावे.

समोरच्याने विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे देऊन झाली की आपणही विचारावे. विचारणारा उमेदवार लक्षात राहतो. पुढील प्रश्न वहीत लिहून न्यावेत :

- काम नेमके कोठे आहे आणि रोज काय करावे लागेल?
- नेमणूक कंपनीची आहे, कंत्राटदाराची आहे की शिकाऊ उमेदवार म्हणून आहे?
- महिन्याला हातात किती पैसे येतील?
- राहण्याची सोय आहे का? असल्यास तिचे पैसे पगारातून कापले जातात का?
- शिफ्ट कोणत्या आहेत? मुलींना रात्रीची शिफ्ट असते का?
- इतके महिने काम सोडता येणार नाही, असा काही बाँड आहे का?
- पुढची पायरी काय, आणि मी कोणाशी संपर्क ठेवू?

दुसऱ्या प्रश्नाचे महत्त्व मुलांना समजावून सांगावे लागते. शिकाऊ उमेदवार कायदा 1961 चा आहे. त्याखाली ठरावीक मुदतीसाठी घेतात, विद्यावेतन देतात आणि प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र मिळते, पण मुदत संपल्यावर नोकरी देण्याची सक्ती कंपनीवर नसते. आय.टी.आय. झालेल्या मुलासाठी ही उत्तम सुरुवात असू शकते. मात्र "कायम नोकरी लागली" असे घरी सांगून जाऊ नये.

मुलींच्या बाबतीत एक कायदा ठाऊक असावा. ठरावीक किमान संख्येइतके कामगार असलेल्या दुकाने व आस्थापनांसाठी महाराष्ट्राचा 2017 चा कायदा आहे. त्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला काम द्यायचे तर तिची संमती लागते आणि सुरक्षिततेची व घरापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था मालकाने करावी लागते. "रात्री गाडीची सोय आहे का?" हा प्रश्न विचारण्यात संकोच वाटायचे कारण नाही.

प्रत्येक टेबल सोडल्यावर लगेच भिंतीजवळ उभे राहून वहीत तीन ओळी लिहाव्यात : कोणाशी बोललो, काय म्हणाले, पुढे काय करायचे. संध्याकाळपर्यंत सगळे चेहरे एकमेकांत मिसळून जातात.

5. पगाराचा आकडा समजून घेणे

टेबलावरच्या फलकावर "पगार 15,000" असे लिहिलेले असते. घरी फोन जातो आणि आई तेवढेच धरून चालते. प्रत्यक्षात काय होते ते एका उदाहरणाने पाहू.

समजा, एकूण पगार 15,000 रुपये आणि त्यांतील मूळ वेतन व महागाई भत्ता 12,000 रुपये आहे. भविष्य निर्वाह निधीचे 12 टक्के म्हणजे 1,440 रुपये कापले जातील. राज्य कामगार विमा योजना लागू असेल तर 0.75 टक्के म्हणजे सुमारे 113 रुपये. पुरुषाला व्यवसाय कर 200 रुपये (फेब्रुवारीत 300). महाराष्ट्रात महिना 25,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रीला हा कर नाही. म्हणजे मुलाच्या हातात 13,247 आणि मुलीच्या हातात 13,447 रुपये येतील. काही ठिकाणी मालकाचा निधीतील वाटाही त्या 15,000 मध्येच धरलेला असतो. मग हातात येणारी रक्कम आणखी कमी होते.

कापलेले पैसे वाया जात नाहीत, हेही सांगावे. निधी त्याच्या नावावर साठतो आणि विम्यामुळे दवाखान्याची सोय होते. उलट, "काहीच कापणार नाही, सगळे रोख देऊ" असे सांगणाऱ्या ठिकाणी अपघात झाला तर मागे काहीच नसते.

यानंतर खोलीभाडे, मेस, बसभाडे आणि घरी पाठवायची रक्कम कागदावर मांडावी. तालुक्याच्या गावी 10,000 रुपयांची नोकरी आणि चाकणमध्ये 15,000 रुपयांची नोकरी यांपैकी कोणती परवडते, हे हिशेब केल्याशिवाय कळत नाही. आणखी एक गोष्ट मुले विसरतात : पहिला पगार महिना भरल्यावर, कधी त्यानंतर आठ-दहा दिवसांनी येतो. तोवरच्या जेवणाची व खोलीच्या अनामत रकमेची तजवीज नसेल तर चांगली नोकरीही पंधरा दिवसांत सोडावी लागते.

6. सावध राहावे

मेळाव्याच्या गर्दीत, आणि त्याहून जास्त मेळाव्यानंतरच्या फोनवर, फसवणारे असतात. नोंदणी फी, गणवेशाचे पैसे, प्रशिक्षणाची अनामत, "सीट पक्की करण्यासाठी" मोबाइलवरून पाठवायची रक्कम यांतले काहीही मागितले की बोलणे थांबवावे. चांगला मालक नोकरी देण्यासाठी पैसे घेत नाही. "आधी पैसे भरा, मग आणखी माणसे जोडा, तुम्हाला कमिशन मिळेल" अशी साखळी योजना ही नोकरी नव्हे. अशा योजनांवर 1978 च्या कायद्याने बंदी आहे.

मूळ गुणपत्रिका ठेवून घेणाऱ्यालाही नकार द्यावा. कोऱ्या कागदावर सही करू नये. नेमणूकपत्र हातात आल्याशिवाय, आणि ते एखाद्या जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय, गावातून गाडीत बसू नये. मुलींच्या बाबतीत तर ठिकाणाचा पूर्ण पत्ता आणि तेथील एका जबाबदार माणसाशी आपले प्रत्यक्ष बोलणे झालेलेच असावे.

7. परत आल्यावर

मेळाव्याचे अर्धे काम दुसऱ्या दिवशी सुरू होते. ज्या तीन माणसांची नावे आणली, त्यांना दोन दिवसांच्या आत छोटा संदेश पाठवावा. आपले नाव, कोठे भेटलो, कोणत्या जागेविषयी बोललो, सोबत बायोडाटा. आठवड्याने उत्तर नसेल तर एकदा फोन करावा. "आता जागा नाही" असे म्हणाले तर आभार मानून एवढेच विचारावे : "पुन्हा कधी भरती निघेल? आणि तोपर्यंत मी काय शिकून ठेवू?" या प्रश्नाला बहुतेक माणसे मनापासून उत्तर देतात. ओळख टिकते ती अशाने.

येथे एक जुनी शंका नेहमी निघते. "खासगी नोकरी धरली तर सरकारी परीक्षेचे काय?" दोन्हींचा विचार वयाच्या हिशेबाने करावा. राज्य लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा परीक्षेला मागासवर्गीयांसाठी वयोमर्यादा 43 वर्षे आहे. पोलीस शिपाई भरतीला मात्र ती 33 वर्षे आहे आणि शारीरिक चाचणीचा सराव सुटून चालत नाही. दोन वर्षे नोकरी करून, थोडे पैसे गाठीला बांधून, मग अभ्यासाला बसणाऱ्याला घरचा ताण कमी असतो. वर्षानुवर्षे फक्त परीक्षेची वाट पाहत बसणे आदिवासी कुटुंबाला झेपत नाही. ज्यांना परीक्षेचाच मार्ग धरायचा आहे त्यांनी प्रकल्प कार्यालयात चौकशी करावी. आदिवासी उमेदवारांसाठी शासनाची स्पर्धा परीक्षापूर्व प्रशिक्षणाची केंद्रे आहेत.

8. मंडळीने काय करावे?

प्रिय बंधुभगिनींनो, आपल्या मंडळ्यांत बँकेत, रुग्णालयात, शाळेत, कारखान्यात काम केलेली कितीतरी माणसे आहेत. वर ज्या लांबच्या ओळखींविषयी लिहिले, त्या ओळखी तुम्ही आहात. देणगी आपण देतच आहात. पुढील गोष्टींना पैसे कमी आणि वेळ थोडा लागतो.

सराव घ्यावा. मेळाव्याआधी दोन रविवारी, उपासनेनंतर तासभर, चार सभासदांनी चार टेबले मांडून बसावे. प्रत्येक विद्यार्थ्याने चारही ठिकाणी आपली तीन वाक्ये बोलावीत आणि दोन प्रश्न विचारावेत. बँकेतून निवृत्त झालेले काका किंवा वॉर्डमध्ये तीस वर्षे काढलेल्या सिस्टर यांच्यासमोर एकदा बोललेली मुलगी कंपनीच्या टेबलापुढे कमी घाबरते.

दुसरा फोन नंबर बना. एका सभासदाने दोन-तीन विद्यार्थ्यांसाठी आपला नंबर द्यावा, आणि निरोप आला की तो पाड्यापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी घ्यावी.

पहिल्या महिन्याची तजवीज करावी. मंडळीत छोटा निधी ठेवून पहिल्या पगारापर्यंतचे जेवण व अनामत रक्कम बिनव्याजी उसनी द्यावी. ती परत घ्यावी, कारण तीच रक्कम पुढच्या मुलाला द्यायची असते. शहरातील मंडळीने खोली शोधून द्यावी आणि पहिल्या आठवड्यात एकदा घरी जेवायला बोलवावे.

त्यांच्या वतीने बोलू नये. हे प्रेमळ माणसांना सर्वांत अवघड जाते. आपण सोबत गेलो की टेबलापुढे आपणच बोलू लागतो : "हा आमच्या होस्टेलचा मुलगा, फार गरीब आहे हो, काहीतरी बघा." त्या क्षणी तो उमेदवार राहत नाही, याचक होतो. आपण दाराशी थांबावे. तो बाहेर आल्यावर त्याची वही पाहावी.

सहा महिन्यांनी विचारावे. आपल्या अहवालांत "इतक्या विद्यार्थ्यांना मेळाव्यात नेले" असा आकडा येतो. त्यापेक्षा उपयोगी आकडा असा की सहा महिन्यांनी किती जण कामावर आहेत, आणि जे सोडून आले ते का आले. पहिल्या, तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात एक-एक फोन केला तर हे कळते. सोडून आलेल्याला रागावू नये. त्याच्याकडे पुढच्या वर्षीच्या मुलांसाठी आपल्यापेक्षा जास्त माहिती असते. त्यालाच पुढच्या सरावाला टेबलामागे बसवावे.

गटचर्चेसाठी प्रश्न

1. आपल्याला स्वतःला पहिली नोकरी कोणाच्या सांगण्यावरून मिळाली? ती व्यक्ती जवळची होती की लांबच्या ओळखीची?
2. आपल्या मंडळीत कोणकोणत्या क्षेत्रांत काम केलेले सभासद आहेत? त्यांची यादी आज येथेच करता येईल का?
3. आपण ओळखत असलेल्या एका आदिवासी विद्यार्थ्याने कोणती कामे केली आहेत, जी त्याच्या बायोडाटात लिहिलेली नाहीत?
4. मदत करताना आपण त्याच्याऐवजी कोठे बोलतो? ते कसे थांबवता येईल?
5. येत्या मेळाव्यासाठी आपला गट वरील पाचपैकी कोणते एक काम अंगावर घेईल, आणि कोण?

पाचव्या प्रश्नाचे उत्तर नावानिशी लिहून तरुण संघाच्या सचिवाकडे द्यावे. जवळच्या महाविद्यालयाच्या प्लेसमेंट सेलला विचारून मेळाव्याची तारीख त्याच कागदावर लिहावी.